१-२-३ की ओपन जजिंग? रणगाडा कुठल्या टेबलावर ठेवायचा

इथे अमेरिकेत १/३५ स्केलची रणगाड्यांची मॉडेल्स करणारे आपले दोघं-तिघं हल्ली विचारतायत की पहिल्यांदाच स्पर्धेत उतरायचं तर आयपीएमएसच्या (सगळ्या प्रकारच्या प्लास्टिक मॉडेलवाल्यांची संस्था) शोला जायचं की एएमपीएसच्या (फक्त रणगाडेवाल्यांची). मी दोन्ही पद्धतींत मॉडेल ठेवलंय आणि टॉर्च घेऊन जजिंगलाही फिरलोय, तेव्हा जे वाटलं ते सांगतो, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आयपीएमएसवाल्यांकडे बहुतेक ठिकाणी १-२-३, म्हणजे प्रत्येक कॅटेगरीत पहिला, दुसरा, तिसरा नंबर. तुमची गाडी शेजारच्या गाडीशी लढते, जज आधी बेसिक्स बघतात, सांधे, अलाइनमेंट, सगळी चाकं जमिनीला टेकलीयत का. त्यांच्या नॅशनल्सला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत, एका कॅटेगरीतले तिन्ही नंबर एकाच माणसाला देत नाहीत, हे मला आवडतं. आणि निकालाच्या वेळी पोटात जो गोळा येतो ना, ती मजा ओपनमध्ये नाही, हे मान्यच.

एएमपीएस म्हणजे निव्वळ चिलखती गाड्या आणि त्यांचा गोतावळा. तिथे ओपन जजिंग, म्हणजे शेजारच्याशी तुलना नाही, प्रत्येक मॉडेल स्वतःच्या गुणांवर: चार जज प्रत्येकी १० पैकी मार्क देतात, सगळ्यात कमी मार्क काढून टाकतात आणि उरलेल्यांची बेरीज ३० पैकी, त्यावर मेडल. चार जणांना गोल्ड मिळालं तरी कुणाचं काही जात नाही. यावर ‘सगळ्यांना पेढे’ म्हणून नाकं मुरडणारे आहेत, पण एकदा तिथे मार्क घेऊन बघा म्हणावं.

माझं मत फिरलं ते वेगळ्याच कारणाने. एका लोकल शोला, १-२-३ वाल्या, मी एएफव्ही क्लब या कंपनीच्या किटमधून केलेला सेंच्युरियन रणगाडा नेला होता, १९७१ च्या बसंतरच्या लढाईतला भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स रेजिमेंटचा ‘फामागुस्ता’ नावाचा, अरुण खेत्रपालांचा. टेबल शर्मन आणि टायगरनी भरलेलं, नंबर आला नाही, ठीके, पण का नाही आला ते कुणी सांगेचना. एका जजला गाठून विचारलं तर म्हणाला, ‘फार क्लोज होतं’, आणि खरंच त्याला आठवत नव्हतं, कागदावर फक्त तीन नंबर, बाकी कोरं. तोच रणगाडा पुढे ओपनला ठेवला तर शीट हातात आली: चाकांवर चिखल आहे पण ट्रॅक कोरडे ठणठणीत, डाव्या बाजूने बॅरलचा जोड दिसतो. अक्षर डॉक्टरचं होतं, तरी वाचलं!

जज म्हणूनही तेच. १-२-३ मध्ये मॉडेल बाद करायला कारण शोधत फिरायचं, आणि तिसऱ्या नंबरासाठी दोन चांगल्या गाड्यांत केसाएवढ्या सीमवरून (सांध्याच्या रेषेवरून) वाद घालायचा. ओपनला प्रत्येक मॉडेलवर लिहावं लागतं, हात दुखतो, जेवायला उशीर होतो. पण जजिंग शिकायचं असेल तर आयपीएमएस वाईट नाही हं, तिथे नवख्याला अनुभवी लोकांबरोबर शिकाऊ म्हणून फिरू देतात.

विमानं-जहाजंही करत असाल तर प्रश्नच मिटला, आयपीएमएसलाच जा, शिवाय तिथे खरेदीत खिसा रिकामा होतो तो वेगळाच. नुसते रणगाडेच असतील तर माझ्या मते आधी ओपन. फक्त निघण्याआधी शोचा फ्लायर नीट वाचा, कारण आयपीएमएसचे काही लोकल क्लबही आता गोल्ड-सिल्व्हर-ब्राँझ, म्हणजे ओपन पद्धतीने जजिंग करतात, आणि तसं असेल तर लांब ड्राइव्ह करायची गरजच नाही.