डोंबिवलीतलं अभ्यंग केंद्र: खांद्याला उत्तम, जिन्यावर सांभाळून

आधी निकाल सांगून टाकते. अभ्यंगासाठी, म्हणजे अंगभर तेलाच्या मसाजसाठी जा; शिरोधारेसाठी, म्हणजे कपाळावर तेलाची धार धरतात त्यासाठी जाऊ नका, आणि पायात न घसरणाऱ्या सपाट चपला घालून जा. नाव मात्र मी लिहिणार नाही. दोनच खोल्या आहेत, शनिवारी आत्ताच ताटकळावं लागतं. नाव फुटलं तर माझाच नंबर लागायचा नाही. डोंबिवली पूर्वेला, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शोधणाऱ्याला सापडेल.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटेपासून ओट्यापाशी उभं राहायचं, मळायचं, लाटायचं, डबे भरायचे. हाताखाली बायका आहेत, पण कणीक मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. त्यामुळे उजवा खांदा, मानेची मागची बाजू आणि पोटऱ्या कायम दुखऱ्या. मसाज ही माझ्यासाठी चैन नाही, धंद्याचा खर्च आहे, आणि म्हणून पैसे वसूल झाले की नाही ते मी बघते.

याआधी एका मॉलमधल्या स्पामध्ये गेले होते. भाचीनं वाढदिवसाला कूपन दिलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं जाडजूड मेनू पुढे सरकवला आणि विचारलं, "मॅम, लाइट, मिडियम की हार्ड?" बस, एवढाच प्रश्न. दुखतं कुठे, बीपी आहे का, गोळ्या कसल्या चालू आहेत, काही नाही. वर "डिटॉक्स पॅकेज" घ्या म्हणून आग्रह. अंगातली घाण काढायला देवानं यकृत आणि मूत्रपिंड दिलेत, ती कामं तेल लावून होत नाहीत. मसाजनं स्नायू सैल पडतात, जरा बरं वाटतं, झोप लागते. तेवढंही पुष्कळ आहे, खोटं कशाला सांगायचं? तिथून बाहेर पडले तेव्हा अंगाला गुलाबाचा वास होता आणि खांदा होता तिथेच होता.

मेनू वाचून गोंधळ होतो म्हणून माझ्यापुरता हिशेब सांगते. स्वीडिश म्हणजे तेल लावून लांब लांब हात फिरवणं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हेच घ्यावं. डीप टिश्यू म्हणजे आखडलेल्या जागी सावकाश, खोलवर दाब. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोठी ऑर्डर असेल तर नको. थाई मसाज तेलाशिवाय, सैल कपड्यांत, खाली गादीवर, हातपाय ताणून करतात. 2019 मध्ये त्याला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली, मान्य आहे, पण माझ्या गुडघ्यांना तो वारसा पेलवत नाही. थोडक्यात, उद्या सकाळी आपल्याला काय काम करायचंय ते ठरवून मसाज निवडावा. मेनूवरचा फोटो बघून निवडू नये.

आता या केंद्राकडे वळते. दारातच वैद्यबाईंचं नाव, आयुर्वेदाची बीएएमएस पदवी आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला फलक आहे. त्या स्वतः बसतात. मी म्हटलं, अभ्यंग करायचाय. त्यांनी कागद काढला. रक्तदाब, साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, ऑपरेशन, हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का, एकाच पायाला सूज, ताप, जेवण कधी झालं. अपचन झालेल्याला अभ्यंग करू नये असं आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानं लिहून ठेवलंय, त्यामुळे पोटाची चौकशीही झाली. मग म्हणाल्या, "ताई, बाह्या वर करा बघू." तव्याच्या कडेचा ताजा चटका होता मनगटाच्या वर, आमच्या धंद्यात असतोच. त्यांनी तो पाहिला, पोटऱ्यांवरच्या फुगलेल्या शिरा पाहिल्या आणि सरळ सांगितलं, "आज नाही. चटका ओला आहे. सुकला की या."

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवलं! माझं मन तिथेच जिंकलं. मसाजची जागा निवडताना मला विचाराल तर एवढंच बघा: कपडे बदलायच्या आधी तुम्हाला काय विचारतात, आणि कशाला नाही म्हणतात. पोटरी एकाच बाजूची सुजून गरम झाली असेल, तर ती शिरेत धरलेली रक्ताची गाठही असू शकते. ती चोळायची नसते, डॉक्टरला दाखवायची असते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती पाय कशाला द्यायचा?

चटका सुकल्यावर गेले. खोलीत लाकडाची द्रोणी, म्हणजे कड असलेलं लांबट टेबल, तेल खाली सांडू नये म्हणून. दोन मुली, दोघी केरळातल्या पालक्काडच्या, मला "चेची", म्हणजे ताई, म्हणतात. बायकांना बायकाच, पुरुषांना पुरुष, आणि खोलीत फोन न्यायचा नाही. हे फोनवर वेळ घेतानाच सांगतात, तुम्हाला विचारावं लागत नाही. तेलं कोट्टक्कलच्या आर्य वैद्य शाळेची, 1902 पासूनची संस्था आहे ती. बाटलीचं सील माझ्यासमोर फोडलं. खांद्यासाठी कोट्टंचुक्कादी. झाकण उघडल्याबरोबर मी ओळखलं, यात सुंठ आणि लसूण आहे. मुलगी हसली, म्हणाली मोहरी, शेवगा, चिंच आणि दहीसुद्धा आहे. अर्धं स्वयंपाकघरच की! वास रेंगाळतो, हे आधीच सांगते. ज्यांना लग्नाला जायचंय त्यांनी त्या दिवशी जाऊ नये. पायांना सहचरादी. वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करतात, थेट आचेवर नाही, आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतात.

आता हातांबद्दल. याबाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. कणीक मळताना जो नुसता बोटांनी झटतो, त्याचे हात दहा मिनिटांत दुखतात आणि कणीक घट्टच राहते. जोर कमरेतून यायला हवा, तळव्याच्या टाचेतून उतरायला हवा. या मुलींचं अगदी तसंच. दोघी दोन्ही बाजूंनी एका लयीत, एकीचा हात दंडावर तर दुसरीचाही दंडावर. खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेला, जिथे माझी गाठ आहे, तिथे तळहात टेकवून ती मुलगी नुसती थांबली. घासलं नाही, खुपसलं नाही. माझा श्वास बाहेर पडला तसा दाब वाढवला, आत घेतला तसा सोडला. चार-पाच श्वासांनंतर ती जागा सैल पडल्याचं मला आतून कळलं. पोटऱ्यांवर मात्र दाब अजिबात नाही, फक्त तेल, खालून वर, हलक्या हातानं. शिरा लक्षात ठेवल्या होत्या म्हणायच्या.

मानेला त्यांनी झटका दिला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण केस कापून झाल्यावर कडकन मान मोडून घेण्याची आपल्याकडे पुरुषांना भारी हौस. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यानं इजा होऊन पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आमच्या घरात ती हौस मी बंद केली आहे.

नंतर वाफ. लाकडी पेटी, डोकं बाहेर, डोक्यावर ओलं फडकं. वाफ कुठून येते म्हणून वाकून पाहिलं तर आपला साधा कुकर! शिट्टीच्या जागी रबरी नळी, आत निर्गुंडीचा पाला. सेफ्टी व्हॉल्व जागेवर आहे ना, ते मी आधी बघून घेतलं, सवय.

इथून पुढे तक्रारी. वाफेनंतर अंग पुसायला मुगाचं पीठ देतात, ते छान, साबणापेक्षा चांगलं तेल निघतं. पण न्हाणीघरातल्या फरशीवर रबरी मॅट नाही. तेलकट तळवे, ओली गुळगुळीत फरशी, आणि वाफेतून आल्यावर डोकं हलकं झालेलं. मी भिंत धरून चालले. सांगितलं त्यांना, "आणतो" म्हणाले. आणि त्यानंतर ते तीन मजले उतरायचे. द्रोणीवरून उठतानाही टुणकन उठू नका. कुशीवर वळा, पाय खाली सोडून बसा, मग उभ्या राहा. रक्तदाब खाली आलेला असतो, चक्कर येते. स्कूटर घेऊन जाऊ नका. रिक्षा करा.

शिरोधारेला जाऊ नका म्हटलं ते एवढ्यासाठी, की ती खोली रस्त्याच्या बाजूला आहे. कपाळावर तेलाची धार आणि कानावर रिक्षांचे हॉर्न. एवढे पैसे मोजून कपाळाला आठ्या कशाला पाडून घ्यायच्या?

घरी आल्यावरचं वैद्यबाईंनी कागदावर लिहून दिलं, त्यातलं मी पाळते ते असं. कोमट पाणी, तहान लागेल तेवढं; बादलीभर नाही. वाफेनं घाम गेलेला असतो, म्हणून प्यायचं. जेवण हलकं, माझी ठरलेली मुगाची खिचडी आणि तूप. त्या संध्याकाळी परात उचलायची नाही. मी दुपारनंतरची वेळ घेते आणि रात्रीच्या पोळ्यांच्या ऑर्डरी त्या दिवशी बंद ठेवते. सैल पडलेल्या खांद्याला लगेच जुंपलं तर तो पुन्हा आखडतो. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तर घाबरू नका. पण हाताला मुंग्या येऊन बधिरपणा आला, दुखणं टोचायला लागलं, पाय सुजला किंवा धाप लागली, तर पुन्हा मसाजला नाही, दवाखान्यात जा.

एक गोष्ट कुणीच सांगत नाही. तेलानं भिजलेले टॉवेल आणि गाऊन वेगळे, गरम पाण्यात, जास्त साबण घालून धुवा. मशीनच्या ड्रायरमध्ये तापवून ढीग करून ठेवू नका. तेल राहिलेलं कापड आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतं. माझ्याकडची ओट्याची तेलकट फडकीही मी म्हणूनच दोरीवर पसरून वाळवते.

पैशांचं: अभ्यंग आणि वाफ मिळून 1,600 रुपये, वेळ साधारण सव्वा तास. बिल न मागता देतात. सप्टेंबर 2025 मध्ये या सेवांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला आहे. जुन्या कागदावरचा 18 अजून कुणी लावत असेल तर बिल नीट वाचा. वाफ नको असेल तर आधी सांगा, 300 रुपये कमी होतात. सात बैठकांचं पॅकेज घ्या असं तिथेही सुचवतात, पण नाही म्हटलं की विषय संपतो. मी एकेकच घेते. सोमवारी दुपारी गर्दी नसते, पण त्या वेळी येऊ नका, तेव्हा मी असते.