केकवॉक डोळ्यांनी पाहायचा असेल तर: लायब्ररी ऑफ काँग्रेसचा डिजिटल संग्रह

केकवॉक या जुन्या अमेरिकी नृत्याविषयी मी बरेच वाचले होते, पण ते करताना माणसे कशी दिसत असतील हे वाचनातून कधी उमगले नव्हते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर बायोग्राफ या चित्रपट कंपनीची १९०३ सालची ‘केक वॉक’ ही चित्रफीत पाहिली आणि ती उणीव भरून निघाली. त्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

फीत मिनिटभरही चालत नाही. झोकदार पोशाखातली कृष्णवर्णीय जोडपी छाती पुढे काढून, पाठ मागे झुकवून, गुडघे उंच उचलत रंगमंचावर मिरवतात. पहिल्या वेळी फक्त त्यांचा डौल दिसतो. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येते की मागे कललेले शरीर तोल न ढळता पुढे नेणे किती कष्टाचे आहे. सहज मिळालेल्या विजयाला इंग्रजीत ‘केकवॉक’ म्हणतात, ते या नर्तकांवर अन्याय करणारे आहे असे मला मनापासून वाटते. पडद्यावर त्यांची नावेही नाहीत, याची हळहळ वाटते.

मात्र ही फीत पाहण्याआधी थोडा इतिहास माहीत असावा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामगिरीत राबणारी माणसे मालकांच्या मेजवान्यांतल्या ऐटबाज चालीची नक्कल करत आणि सर्वांत सरस जोडप्याला केक बक्षीस मिळे. आपलीच थट्टा चालली आहे हे पाहणाऱ्या मालकांच्या अनेकदा ध्यानातही येत नसे. पुढे मिन्स्ट्रल नावाच्या विनोदी नाच-गाण्यांच्या खेळांमध्ये गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून या नकलेचीच नक्कल केली. कृष्णवर्णीय कलावंतांनी हे नृत्य ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आपल्या नावाने उभे केले ते १८९८ मध्ये, संगीतकार विल मॅरियन कुक यांच्या ‘क्लोरिंडी’ या संगीतिकेमधून. १९०३ मध्ये बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर या कृष्णवर्णीय नटांच्या जोडीचे ‘इन डहोमी’ हे संगीत नाटक ब्रॉडवेवरून लंडनला गेले आणि त्याच वर्षी बकिंगहॅम राजवाड्यातही झाले. त्यातल्या नर्तकी एडा ओव्हरटन वॉकर यांच्याकडे न्यूयॉर्कच्या श्रीमंत घराण्यांतली मंडळी केकवॉक शिकत. ज्यांच्या चालीची एकेकाळी खिल्ली उडवली गेली, त्याच वर्गाने ती खिल्ली पैसे मोजून शिकावी, हा प्रवास मला फार विलक्षण वाटतो.

ही फीत टिकली तीही एका कायद्यामुळे. १९१२ पर्यंत अमेरिकेत चित्रपटाची स्वतंत्र स्वामित्वनोंद होत नव्हती, म्हणून कंपन्या प्रत्येक चौकट छायाचित्राच्या कागदावर छापून ती गुंडाळी ग्रंथालयात जमा करत. मूळ फिती नष्ट होत गेल्या, कागद राहिला, आणि त्यावरून चित्रे पुन्हा फिल्मवर उतरवली गेली. त्यामुळे चित्र थोडे पुसट आहे, पण पावले स्पष्ट दिसतात.

फीत मूक आहे. याच ग्रंथालयाच्या ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ विभागात व्हिक्टर कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकायला मिळतात. तिथे सूझा यांच्या बँडने वाजवलेले केरी मिल्स यांचे ‘ॲट अ जॉर्जिया कॅम्प मीटिंग’ लावून मी फीत पुन्हा पाहिली. दोन्हींचा मेळ तंतोतंत बसत नाही, पण आघात मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधोमध कसा पडतो, आणि त्या झोक्यावर गुडघा का उचलावासा वाटतो, हे शरीरालाच कळते. रॅगटाइम या त्या काळच्या लोकप्रिय अमेरिकी संगीतशैलीचे बीज याच ठेक्यात आहे.

त्या काळच्या काही गाण्यांतले शब्द वर्णद्वेषी आणि बोचणारे आहेत. ग्रंथालयाने तशी सूचना देऊन ती जशीच्या तशी ठेवली आहेत, आणि मला ते योग्य वाटते. मुलांना मात्र सोबत बसूनच ऐकवावीत. नृत्य किंवा रंगभूमीचा अभ्यास करणाऱ्यांनी ‘केक वॉक’ पाहून झाल्यावर त्याच कंपनीची, त्याच वर्षीची ‘कॉमेडी केक वॉक’ लगेच लावावी आणि दोन्हींतला पाठीचा कल शेजारी शेजारी ताडून पाहावा.