यूपीव्हीसी खिडक्या बसवून घेतल्यावर: एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

जुन्या लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) बसवल्या, त्यानंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला. काम एकंदरीत चांगलं आहे. बंद खिडकीतून वारा शिरत नाही, धूळ बरीच कमी झाली आणि रस्त्याचा आवाजही दबला. पण प्रोफाइल (चौकटीची प्लास्टिकची पट्टी) एकच, काच एकच, कारागीरही तेच असून सगळ्या खिडक्या सारख्या वागत नाहीत. फरक आहे तो चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीचा. कोटेशन घेताना सगळी घासाघीस ब्रँडवर आणि काचेच्या जाडीवर होते. फटीत काय भरणार, चौकट कशी आवळणार, पाणी कुठून बाहेर जाणार, हे कुणी विचारत नाही आणि कंत्राटदार आपणहून सांगत नाही. हे तीन मुद्दे कोटेशनमध्ये लिहूनच घ्यावेत.

सुरुवात मापापासून. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्यायची, उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही कर्ण. त्यातलं सर्वांत लहान माप धरून प्रत्येक बाजूला ५ ते ८ मिमी मोकळे सोडायचे. जुनी चौकट जागेवर असताना आतून आतून घेतलेलं माप फसवं असतं. लाकडी चौकट भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत पुरलेल्या लोखंडी पट्टीने) धरलेली असते, ती उपटली की आजूबाजूचा गिलावा ढासळतो आणि भोक वेडंवाकडं होतं. म्हणून एका कोपऱ्यातला गिलावा थोडा फोडून चौकटीमागे काय आहे ते आधी बघायला लावावं. टफन (तापवून मजबूत केलेली) काच भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही. माप चुकलं की नवी काच मागवावी लागते, आणि तो खर्च कोणाचा हे कागदावर असलेलं बरं.

प्रोफाइल पोकळ असतं. त्याच्या आत जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी सेक्शन लागतो, नाहीतर मोठं शटर (खिडकीचा काचेसकट हलणारा भाग) वाऱ्यात वाकतं. बाहेरून तो दिसत नाही, त्यामुळे गाळला जाण्याची शक्यता इथेच सगळ्यात जास्त. माल आला की ताकदवान लोहचुंबक प्रोफाइलवरून फिरवा, लोखंड असेल तर ओढ जाणवते.

आता बसवण्याचं काम, ज्यावर खरी मदार आहे. चौकट खाली प्लास्टिकच्या पॅकिंगवर (चपट्या तुकड्यांवर) टेकवून पाणसळीत आणि ओळंब्यात आणायची, कर्ण पुन्हा तपासायचे आणि मगच ड्रिल मारायचं. फास्टनर (चौकट भिंतीला आवळणारे लांब स्क्रू) कोपऱ्यापासून १५० ते २०० मिमीवर आणि पुढे साधारण ६०० मिमीच्या अंतराने. प्रत्येक फास्टनरच्या मागे पॅकिंग हवंच. ते नसेल तर आवळताना चौकट भिंतीकडे खेचली जाते, बाजू धनुष्यासारखी वाकते आणि शटर एका ठिकाणी घासतं, दुसऱ्या ठिकाणी फट सोडतं. असं शटर दिसलं की कारागीर रोलर (शटरखालची चाकं) वरखाली करून वेळ मारून नेतात. पण दोष रोलरचा नसतो. फास्टनर सैल करून पॅकिंग घातल्याशिवाय तो जात नाही.

फटीत पीयू फोम (डब्यातून फवारायचा, फुगणारा फेस) भरण्याआधी धूळ झटकून भिंतीवर पाण्याचा हलका फवारा मारायला हवा, कारण हा फोम ओलाव्यावर फुगतो आणि घट्ट होतो. अर्धी-पाऊण फट भरली की पुरे. ठासून भरला तर फुगताना तो चौकटीलाच आत ढकलतो, म्हणून रुंद खिडकीत फोम वाळेपर्यंत मध्ये टेकू द्यावा. फोम हे पाणी अडवणारं साहित्य नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवावं. बाहेरून सिलिकॉनची धार नसेल तर पाणी आज ना उद्या आत येतं, आणि उघडा राहिलेला फोम उन्हात पिवळा पडून भुगा होतो.

सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर नीट धरत नाही. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी खोचून त्यावर सिलिकॉन भरायचं, म्हणजे ते फक्त चौकटीला आणि भिंतीला चिकटतं. तळालाही चिकटलं तर त्याला ताणायला वाव राहत नाही आणि ते फाटतं. ताण तर येणारच. दोन मीटरची यूपीव्हीसी चौकट ३० अंशांच्या फरकाने तीन-चार मिमी लांबते-आखडते. फटीत कडक सिमेंट भरलेल्या खिडक्यांभोवती केसाएवढी चीर पडते ती यामुळेच. आमच्याकडे एका खिडकीत नेमकं हेच केलं गेलं. पश्चिमेची असल्याने उन्हाळ्यातच चीर दिसली. तेवढं सिमेंट खरवडून फोम आणि सिलिकॉन नव्याने करून घ्यावं लागलं.

पावसाळ्यात त्रास दिला तो मात्र वेगळ्याच गोष्टीने. सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकमध्ये पावसाचं पाणी येतंच, ते यायचंच असतं. बाहेरच्या अंगाला असलेल्या लांबट भोकांतून ते निघून जातं. एका खिडकीची ही भोकं सफाईदार दिसावं म्हणून सिलिकॉनने बुजवून टाकली होती, आणि पहिल्याच जोराच्या पावसात ट्रॅक भरून पाणी आतल्या भिंतीवर उतरलं. ब्लेडने भोकं मोकळी केली आणि गळती थांबली. तपासणी सोपी आहे: ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते काही क्षणांत बाहेर पडलं पाहिजे. गिलाव्याचे कण अडकले असतील तर तेही तेव्हाच कळतं. सोबत खिडकीखालच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे ना आणि त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच आहे ना, तेही बघावं. उतार आतल्या बाजूला असेल तर उत्तम चौकटही काही करू शकत नाही. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी बाहेरून नळीने पाणी मारून बघा, आधी खालच्या कडेवर आणि मग हळूहळू वर, प्रत्येक टप्प्यावर काही मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

आवाजाचं म्हणाल तर झोपायच्या खोलीत सरकती खिडकी घेऊ नका. तिच्या शटरला लोकरी पट्टी असते, तिच्यातून हवा जाते आणि हवेबरोबर आवाजही. बाहेर उघडणारी झडप रबरी गॅस्केटवर दाबून बसते, त्यामुळे साध्या काचेतही फरक ऐकू येतो. मात्र तिचं वजन बिजागऱ्यांवर असतं. आमची एक झडप काही महिन्यांत लटकली आणि खालच्या कोपऱ्यात घासू लागली. कारण होतं काचेच्या पॅकिंगचं. एक पॅकिंग बिजागरीच्या बाजूला खाली आणि दुसरं तिरप्या कोपऱ्यात, मुठीच्या बाजूला वर, असं घातलं की काच स्वतःच झडपेला तोलून धरते. ते बदलल्यावर झडप पुन्हा नीट बसते आहे.

प्रोफाइलवरची संरक्षक फिल्म गिलावा-रंग संपताच काढून टाका. उन्हात राहिली तर ती चिकटून बसते आणि तुकड्यातुकड्यांनी निघते. ट्रॅक महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने साफ करावा, गॅस्केटवर आणि रोलरवर फक्त सिलिकॉनचा फवारा. खाण्याचं किंवा मशीनचं तेल लावलं की धूळ धरून त्याचा चिखल होतो. जाळीचे रोलर सगळ्यात आधी झिजतात, आमच्याकडे एक जाळी आताच अडखळायला लागली आहे. काम संपताना कंत्राटदाराकडून त्याच मापाचे जादा रोलर आणि कुलुपाचा दाब कमी-जास्त करायची षटकोनी चावी मागून ठेवा.