येऊर की ऐरोलीची खाडी? तिसरी-चौथीचा वर्ग कुठे न्यावा

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न निघतोच. क्षेत्रभेट कुठे? ठाण्यात राहून लांब जायची गरज नाही. डोंगर हवा तर येऊर, खाडी हवी तर ऐरोली. दोन्हीकडे जंगलच आहे, एक सागाचं आणि दुसरं तिवराचं. मी दोन्हीकडे वर्ग नेलेत, येऊरला जरा जास्त वेळा. कसं जायचं, फी किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते सोडून देतो. नुसती सहल काढायची असेल तर कुठेही न्या, मुलं बसमध्ये बसल्यापासूनच खूश असतात. प्रश्न तिथे उतरल्यावर गणित, भाषा, परिसर अभ्यास यातलं काय साधतं, याचा आहे.

पालकांच्या बाबतीत खाडी सोपी. २०१५ मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत नाव गेलं, आणि फ्लेमिंगो म्हटलं की संमतिपत्र दुसऱ्याच दिवशी सही होऊन येतं. येऊर म्हटलं की पहिला फोन ठरलेला: ‘सर, बिबट्या?’ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे तो, बिबटे आहेत, खोटं कशाला बोला. वनखात्याची परवानगी काढून, पाड्यावरचं कुणी माहितगार बरोबर घेऊन, दिवसाउजेडी मळलेल्या वाटेने गेलो तर मला आजवर काही वावगं दिसलेलं नाही. माकडं मात्र डबे सोडत नाहीत.

आता शिकवण्याचं. खाडीवर विज्ञान अक्षरशः समोर मांडून ठेवलेलं असतं. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली तिवराची श्वसनमुळं, पानावर चमकणारं मीठ, ओहोटीला चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या. ‘मासा जमिनीवर कसा?’ हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागत नाही, मुलंच विचारतात. इतकं आयतं येऊरला मिळत नाही, हे कबूल.

तरीही माझं मन खाडीवर रमलं नाही. कारण फार क्षुल्लक वाटेल: तिथे वर्गाची रांग होते. चिखलात पाय घालता येत नाही, म्हणजे चालायला फळ्यांची अरुंद वाटच असणार, त्यात कुणाचा दोष नाही. पण ४२ मुलं दोन-दोनच्या जोडीने उभी केली की मी बोलतो ते पहिल्या आठ-दहांपर्यंत पोहोचतं. मागच्यांना पुढच्यांची दप्तरं दिसतात. पुढे निवटी दिसली म्हणून ओरडा होतो, मागचे धावेपर्यंत निवटी बिळात. बसायला जमीन नाही, वही मांडीवर घ्यायला मांडी नाही. दोन तासांत माझ्या तोंडची सगळ्यात जास्त वेळा आलेली वाक्यं होती ‘पुढे चला’ आणि ‘वाकू नका’.

त्यातला एक प्रसंग अजून खुपतो. वर्गात कोळीवाड्यातला एक मुलगा आहे, एरवी तोंड न उघडणारा. त्या दिवशी एकादशी होती. आम्ही साडेनऊला पोहोचलो, तर हा बोटांवर काहीतरी मोजून शेजारच्याला म्हणाला, ‘पाणी आता उतरणार.’ आजोबांनी शिकवलेला हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अकराची पाऊणपट सव्वाआठ, आत खाडीत थोडं उशिरा. अपूर्णांकाचा यापेक्षा चांगला धडा मला उभ्या जन्मात सुचला नसता. पण तो रांगेत शेवटून तिसरा होता. मला हे कळलं परतीच्या बसमध्ये, तेही शेजारच्याने चुगली केल्याच्या थाटात सांगितलं म्हणून.

येऊरला मुलं गोल करून बसतात. बस, एवढंच. मोकळी सपाट जागा बघायची, काठीने पाचोळा हलवून घ्यायचा, रिंगण करायचं. सगळे सगळ्यांना दिसतात.

मागे आम्ही पडलेली सागाची पानं घेऊन बसलो होतो. चौकटीच्या वहीवर पान ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची आणि आतल्या चौकटी मोजायच्या, चौथीचं नेहमीचंच काम. पण सागाचं पान एका पानावर मावेना, दोन वह्या जोडल्या. त्यात अळीने निम्म्या पानाची जाळी केलेली, नुसत्या शिरा उरलेल्या. मग वाद सुरू: भोकं मोजायची की नाही? एकीने भोकं वेगळी मोजून वजा करायला घेतली. दुसरा म्हणाला, अळीने खाल्लं ते तिचं क्षेत्रफळ. मी गप्प बसलो. तो वाद रिंगणातल्या प्रत्येकाने ऐकला, आणि मला माझा तास तिथे सापडला. पानं अर्थातच तिथेच ठेवून आलो, राष्ट्रीय उद्यानातून काही आणायचं नसतं.

कारवीचंही तसंच. ती आठ वर्षांनी फुलते. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. पुढची कधी आणि तेव्हा तुम्ही कितवीत, एवढंच विचारायचं. वजाबाकी-बेरीज होते, आणि आपण दहावीला असू हे कळल्यावर वर्ग एकदम गंभीर होतो. भाषेसाठी फेब्रुवारी-मार्चमधली कोशिंबाची पालवी धरा. ‘लाल’ हा शब्द न वापरता तिचा रंग लिहा म्हटलं की कुंकू, विटा आणि आजीच्या लुगड्यापर्यंत सगळं येतं.

येऊरचं रडगाणंही सांगून ठेवतो. जानेवारीत एकाने खाजकुयलीच्या शेंगेला हात लावला आणि अर्धा तास नाचला. पाड्यावरच्या एका आजींनी चुलीतली राख चोळली तेव्हा कुठे थांबला. तेव्हापासून मी आधी जाऊन जागा बघून येतो आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट सक्तीचे करतो. सुट्टीच्या दिवशी वरच्या रस्त्याला गाड्यांची वर्दळ असते, आवाज चढवून बोलावं लागतं. पावसाळ्यात लहान मुलांना नेऊच नये असं माझं मत.

तुमचा वर्ग पंधरा-वीसचा असेल, किंवा पाचवीच्या पुढची मुलं असतील, तर कदाचित तुम्हाला खाडीच आवडेल. रांग लहान असली की माझी तक्रार उरत नाही. थंडीत तिथे पक्षीही भरपूर. फक्त तारीख पक्की करण्याआधी भरती-ओहोटी बघा. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारी सकाळी पाणी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला चिखल. बोटीत बसायचं तर भरती हवी, निवट्या बघायच्या तर ओहोटी.

आमचं यंदा येऊर ठरलंय, दोनदा: एकदा डिसेंबरात, एकदा कोशिंबाला पालवी फुटल्यावर. खाडीवर अर्धाच वर्ग नेणार आहे, २१ मुलं. तारीख त्या कोळीवाड्यातल्या पोराने काढून द्यायची आहे. या वेळी रांगेत पुढे तो, आणि शेवटून तिसरा मी.