मॉसफेट तापतोय? आधी स्वतःच्या सोल्डरिंगला दोष देऊ नका

"तुमचं सोल्डरिंग कच्चं असेल." विक्रेत्याचं हे उत्तर वाचल्यापासून डोकं फिरलंय. आयआरएलझेड४४एन म्हणून २५ मॉसफेट (मोठा करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) मागवले आणि पदरात पडला नकली माल. वर नाव बरोबर, आत कुठली तरी फुटकळ चिप.

बोर्ड अगदी साधा होता. १२ व्होल्ट, चार चॅनेल, प्रत्येकावर ५ अँपिअर लोड, गेटला, म्हणजे मॉसफेट उघडणाऱ्या पायाला, कंट्रोलरचे ५ व्होल्ट. डेटाशीट (उत्पादकाचं माहितीपत्रक) म्हणते की ५ व्होल्ट गेटवर या मॉसफेटचा रोध जास्तीत जास्त २५ मिलिओहम. म्हणजे ०.६ वॅटच्या आसपास उष्णता, हीटसिंक नसला तरी निभतं. माझे मॉसफेट मात्र बघता बघता चटका बसण्याइतके तापले आणि जळका वास सुटला.

बोर्ड आपण जोडलेला असला की संशय पहिला आपल्यावरच येतो, आणि या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. मीही सगळं केलं. सोल्डरचे डाग पुन्हा दिले, फ्लक्स पुसला, भिंगाखाली ट्रॅक तपासले, गेटचा रेझिस्टर बदलला, पीडब्ल्यूएम (गेट भराभर चालू-बंद करणं) काढून सरळ चालू ठेवून पाहिलं. जळलेले चार काढून नवे चार लावले, तेही तसेच. शेवटी लोड चालू असताना मीटरची टोकं थेट ड्रेन आणि सोर्सच्या, म्हणजे लोडचा करंट ज्यांतून जातो त्या दोन पायांवर टेकवली. ०.८२ व्होल्ट! गेटच्या पायावर ४.९ व्होल्ट व्यवस्थित येत होते. ०.८२ भागिले ५, म्हणजे १६४ मिलिओहम. ४.१ वॅट त्या एवढ्याशा तुकड्यात. डाग कच्चा असता तर व्होल्टेज पाय आणि ट्रॅकच्या मध्ये पडलं असतं, मॉसफेटच्या दोन पायांमध्ये नव्हे. हे मोजमाप सगळ्यात आधी घ्या.

गेटला १० व्होल्ट देऊनही पाहिलं. आयआरएफझेड४४एन या मिळत्याजुळत्या नावाच्या मॉसफेटवर नाव बदलून विकला असता तर रोध धाडकन उतरला असता, कारण त्याला पूर्ण उघडायला ५ व्होल्ट पुरत नाहीत. इथे फारसा फरक नाही. म्हणजे आतली चिपच छोटी.

मन खातं ते पाकीट उघडलं त्या क्षणासाठी. पंचवीसही नगांवर लॉट नंबर एकच, पण पाठीचा पत्रा काहींचा जाड, काहींचा पातळ. प्लॅस्टिकवरचा गोल खळगाही सगळ्यांचा एका जागी नव्हता. दोन नग शेजारी धरले होते मी, फरक दिसलाही होता! पण आलेल्या पार्टला व्हर्नियर लावून कोण बसतं? फोटो स्वच्छ होते, रेटिंग भरघोस होतं. ते रेटिंगही लोक पाकीट हातात पडताच देतात, बोर्ड चालू केल्यावर नाही. नंतर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर वरचा काळा थरच निघून आला, खाली घासल्याचे ओरखडे. लेझरने कोरलेलं अक्षर असं पुसलं जात नाही.

आणि तक्रार? विक्री-मंच म्हणतो, सोल्डर केलेला पार्ट वापरलेला धरतात, परत घेता येत नाही. अहो, सोल्डर न करता ५ अँपिअर सोडायचे कसे? न लावलेल्या नगांचं काय विचारलं, तर "वर्णनाशी जुळतात." वर्णन म्हणजे वर छापलेलं नाव! मोजमापाचे फोटो पाठवले, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागितला, ज्याचा खर्च मालाच्या कित्येक पट. बँक म्हणते, वस्तू पोहोचली ना, मग फसवणूक कसली? उत्पादक म्हणतो, अधिकृत वितरकाकडून घेतलेलं नाही, आम्ही काही सांगू शकत नाही. दरवेळी नवा माणूस, दरवेळी तीच कहाणी पहिल्यापासून सांगा. व्होल्ट आणि वॅट यांतला फरक ज्यांना कळत नाही, ते निकाल देऊन मोकळे. शेवटी परतीची मुदतच संपली म्हणून तक्रार बंद.

पॉवरचे पार्ट अधिकृत वितरकाकडूनच घ्या. बाहेरून घ्यावेच लागले तर एक नग ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायची पट्टी) नको, जाड तारांनी जोडून तपासा, तेही परतीच्या मुदतीत. मोजतानाचा व्हिडिओ काढा. काही नग न लावता राखून ठेवा.

माझ्याकडे १७ उरलेत. तो विक्रेता तेच फोटो लावून अजून विकतोय, आणि मी दिलेला एक तारा तिथून काढून टाकलाय.