आधी मला चुना लागला, मग मी लावला

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी लावून चारच महिने झाले होते. पुण्यात समुद्र नाही, त्यामुळे मिठापासून दगडापर्यंत सगळं विकतच. पेठेतल्या एका दुकानातून ‘क्युअर केलेला लाइव्ह रॉक’ (म्हणजे बहुधा प्रवाळाच्या सांगाड्याचा, सूक्ष्मजीव वसलेला आणि आधीच स्वच्छ करून मुरवलेला दगड) म्हणून ७०० रुपये किलोने सहा किलो दगड आणले. बिलावर मात्र ‘डेकोरेशन स्टोन’. तिथेच डोक्यात यायला हवं होतं, कारण रीफ बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि हा दगड नेमका कुठून आला, हे मी विचारलंच नाही.

आठवड्याभरात दगडावर तपकिरी, अर्धपारदर्शक, बारीक लांब सोंडांची फुलं उगवली. फोटो दाखवल्यावर मालक म्हणाला, “सर, नशीब काढलंत. बेबी अ‍ॅनिमोन फुकट आलेत, क्लाउनफिश बसेल त्यात.” मीही येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवत होतो.

ते ऐप्टेसिया होतं: अ‍ॅनिमोनच (समुद्रफूल), पण तणासारखं टाकीभर पसरणारं. हात लावला की झटकन भोकात शिरतं, शेजारच्या झोअ‍ॅन्थिडला (प्रवाळाचा नातलग, छोट्या फुलांच्या झुपक्यासारखा जीव) डंख मारतं. मी शहाणपणाने चिमट्याने खरवडलं. त्याच्या बुडाचा कण जरी मागे राहिला तरी नवीन उगवतं. तीनाची पंधरा झाली.

परत दुकानात गेलो. आता सूर बदललेला. “याला पेपरमिंट श्रिंप लागतो,” म्हणत त्याने ऐप्टेसिया खाणाऱ्या या कोळंब्या म्हणून ९५० ला एक, असे तीन दिले. चार दिवसांत झोअ‍ॅन्थिड कुरतडलेले आणि ऐप्टेसिया टवटवीत. रात्री टॉर्च मारून नीट पाहिलं: पाठीला कुबड, डोळे मोठे, लाल अंगावर पांढऱ्या रेघा आणि ठिपके. हा कॅमल श्रिंप, प्रवाळ खाणारा. पेपरमिंटचं अंग फिकट, काचेसारखं, त्यावर नुसत्या लाल उभ्या रेघा. पांढरं काही नाही. (खरा पेपरमिंटसुद्धा दर वेळी ऐप्टेसिया खातोच असं नाही, हे तर कुणीच सांगत नाही.)

मी बोललो तर म्हणाला, “लाइव्ह मालाला रिटर्न नाही.” वर तिसरा गळ टाकला: दगडातल्या केसाळ अळ्यांसाठी १२०० चा ट्रॅप. त्या ब्रिसल वर्म. बहुतेक निरुपद्रवी, उरलंसुरलं खाऊन टाकी साफ ठेवणाऱ्या. फक्त उघड्या हाताने धरू नका, काटे रुततात. रुतलेच तर चिकटपट्टीने ओढून काढा. ट्रॅप घेतला नाही.

शेवटी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, म्हणजे चुन्याचीच, दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरून कामी आली. पंप बंद करून, सुई हळूच ऐप्टेसियाच्या तोंडाजवळ नेऊन ते मिटायच्या आत पेस्ट सोडायची, मग दहा-पंधरा मिनिटं पाणी हलू द्यायचं नाही. एका दिवशी तीन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो.

आता नवा दगड आला की तो आधी बादलीत, खारं पाणी, हीटर आणि छोटा पंप लावून काही आठवडे बाजूला. रात्री लाल प्रकाशात बघतो. ‘टक-टक’ आवाज आला तर आत मँटिस किंवा पिस्तूल श्रिंप असू शकतो.

तिन्ही कॅमल आता खालच्या संपमध्ये (पाणी गाळणाऱ्या वेगळ्या टाकीत) आहेत, उरलंसुरलं खात. परवा ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली संपमध्ये जातं, त्या कप्प्याच्या) मागे एक ऐप्टेसिया पुन्हा दिसलं. सिरिंज फ्रिजवर ठेवलीय. आई रोज विचारते, कुणाला इंजेक्शन लागतंय?