आज की सवडीने? दृढीकरण पुढे ढकलावं म्हणणाऱ्यांसाठी

नाताळच्या सुट्टीत भाचा आला होता. करंजी खाता खाता त्याने विचारलं, "मामा, दृढीकरणाचा वर्ग या साली करू, का नोकरीचं एकदा मार्गी लागलं की निवांत करू?" दृढीकरण म्हणजे तान्हेपणी बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती मंडळीत घेतलेल्याने मोठेपणी तो विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करणं; त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला प्रभूच्या मेजाजवळ जाता येतं. तोंडातल्या घासाचं निमित्त करून मी "बघू" म्हणालो. ते "बघू" मला दोन दिवस खुपत राहिलं. कारण या प्रश्नावर बोलायचा थोडाफार हक्क मला आहे. दोन्ही गोष्टी मी वापरून पाहिल्या आहेत. 'सवडीने' सतराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, म्हणजे अकरा वर्षं. आणि 'आज' त्यानंतरची एकोणीस.

दृढीकरण, पश्चात्ताप यांविषयी याहून जास्त इथे सांगत बसत नाही. संडे स्कूलमध्ये सगळ्यांनी ते पाठ केलेलं असतं. पण एक खुलासा हवा. ज्याला मुळात पटलेलंच नाही, त्याच्यासाठी ही तुलना नाही. कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने बायबलचा नवा करार दिला, आणि त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला १९०० साली. मधल्या पाच वर्षांना कुणी चालढकल म्हणेल, मी म्हणणार नाही. बाईंना पटत नव्हतं आणि तसं त्या तोंडावर सांगत होत्या. माझी अकरा वर्षं तशी नव्हती. मला पटलेलं होतं, मी फक्त तारीख देत नव्हतो.

आधी सवडीची बाजू मांडतो, कारण ती वाटते तितकी पोरकट नाही. चौथ्या शतकात भली भली माणसं हेच करत होती. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ख्रिस्ती मंडळीला उघड आश्रय दिला, धर्मगुरूंच्या परिषदा भरवल्या, पण स्वतःचा बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली निकोमेडियाजवळ, मरणाच्या अंथरुणावर. हिशेब सरळ होता. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात, आणि तो एकदाच मिळतो. मग तो शेवटालाच का वापरू नये? राज्य चालवताना हात स्वच्छ राहत नाहीत हे त्याला इतरांपेक्षा जास्त ठाऊक असणार. पुढे मोठा धर्मगुरू झालेला ऑगस्टीन लहानपणी जिवावरच्या दुखण्यात पडला तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याची घाईने तयारी झाली. पोरगं बरं झालं आणि बाप्तिस्मा लांबणीवर पडला. आई मोनिका, इतकी प्रार्थनाशील बाई, पण तीही थांबली. पुढे हाच ऑगस्टीन तारुण्यात देवाकडे संयम मागायचा, आणि पुस्ती जोडायचा की इतक्यात मात्र नको. ही प्रार्थना मीही केलेली आहे, फक्त माझी लॅटिनमध्ये नव्हती.

तेव्हा सवडीचा मार्ग निवडणारा माणूस अडाणी असतो असं नाही. बहुतेकदा तो गोष्ट गंभीरपणे घेत असतो, म्हणूनच लांबवतो. "प्रभूच्या मेजाजवळ जायचं तर नीट जायचं, आत एक आणि बाहेर एक असं नको," हे मी कितीदा म्हणालो असेन. ऐकणारे मान डोलवायचे. वाक्य चांगलंच होतं. त्यातली मेख इतकीच की नीट होण्याचं काम मी सुरू करत नव्हतो.

सवडवाल्यांचा हुकमी एक्का म्हणजे येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर. शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला आणि सुखलोकात गेला. मी हा दाखला वर्षानुवर्षं खिशात घेऊन फिरत होतो. पुढे जरा शांतपणे लूकच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय वाचला तेव्हा लक्षात आलं की हा माणूस आपल्या पार्टीतला नाहीच. त्याने येशूला याआधी ऐकून पुढची तारीख दिली होती असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ओळख पडली त्याच दिवशी त्याने तोंड उघडलं. म्हणजे तो 'आज'वाल्यांमध्ये मोजायला हवा. येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले, संध्याकाळी पाचला येऊनही पूर्ण मजुरी मिळालेले मजूरही तसेच. आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही, असं ते म्हणतात. सकाळी सहाला बोलावलं असता "पाचला येतो" म्हणालेला मजूर त्या गोष्टीत नाही. आणि हो, वधस्तंभ येशूच्या दोन्ही बाजूंना होते. दुसऱ्यालाही तेवढाच वेळ होता.

आता 'आज'चे तोटे. आहेत, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पंधराव्या वर्षी एका संजीवन सभेत, म्हणजे विश्वास जागवायला भरवलेल्या सभेत, येशूला स्वीकारतो म्हणून मी हात वर केला होता. मांडव, पेटी, तबला, थंडी, शेजारी रडणारी माणसं. पाहुणे उपदेशक म्हणाले, "आज रात्री घरी जाताना तुमची एसटी उलटली तर?" माझा हात आपोआप वर गेला. सोमवारी शाळेत गेलो तेव्हा त्यातलं काहीही शिल्लक नव्हतं; होती ती थोडी लाज. घाईच्या निर्णयाचं असं होऊ शकतं, म्हणून पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, वर्ग घेतात, महिनोन्महिने घेतात, ते योग्यच आहे. आज ठरवणं आणि आजच्या आज उरकणं यांत फरक आहे.

अचानक मरणाचा मुद्दा खोटा नाही. शिकागोचे उपदेशक ड्वाइट मूडी यांनी रविवार, ८ ऑक्टोबर १८७१ च्या संध्याकाळी लोकांना सांगितलं, आठवडाभर विचार करा आणि पुढच्या रविवारी येशूविषयीचं उत्तर घेऊन या. त्याच रात्री शहराला आग लागली. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली, आणि तो समुदाय मूडींसमोर पुन्हा कधी भरला नाही. आठवड्याची मुदत दिली ही आपली मोठी चूक, असं ते पुढे सांगत. मी याला विरोध करणार नाही. पण माझ्यापुरतं बोलायचं तर भीती एसटी स्टँडपर्यंतच टिकते. मी अकरा वर्षं सवडीवर काढली आणि मेलो नाही. बहुतेक जण मरत नाहीत. म्हणूनच हा मुद्दा मला कधी नीट लागू पडला नाही.

मला लागू पडली ती गोष्ट फार क्षुल्लक आहे. गुडघे.

आमच्या देवळातली बाकं जुनी, दोन बाकांमधली जागा अरुंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. पाळकसाहेबांनी बोलावलं की ओळीतले दृढीकरण झालेले लोक उठून पुढे जातात, आणि ज्याचं झालेलं नाही तो बसून राहतो. बाकाच्या कडेला बसलेला असेल तर त्याला गुडघे एका बाजूला वळवावे लागतात, म्हणजे बाकीच्यांना जाता येतं. ते परत येताना पुन्हा एकदा. पहिली एक-दोन वर्षं मला हे सहन व्हायचं नाही. आजीच्या लुगड्याचा पदर गुडघ्याला लागून जायचा. ती कधी काही बोलली नाही. नुसती थांबायची, मी पाय आवरायचो, ती जायची. माझ्यापेक्षा लहान पोरं जायला लागली तेव्हा तर कानशिलं तापायची. घरी येऊन ठरवायचो, पुढच्या वर्गाला नाव द्यायचंच.

मग मी एक सोय केली. भिंतीकडच्या टोकाला बसायला लागलो. तिथून कुणालाच ओलांडून जावं लागत नाही. गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

दहाव्या वर्षी कधीतरी, असाच पहिला रविवार. ओळ रिकामी झाली होती, पुढे भाकर मोडली जात होती, आणि मी गॅसचा नंबर लावायचा राहिलाय याचा विचार करत होतो. सिलिंडर किती दिवस जाईल, शेजाऱ्यांकडे भरलेला असेल का. माणसं परत येऊन बसली तेव्हा मला कळलं की माझं काहीही जळलं नाही. कानशिलं गार. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरा घाबरलो, आणि त्या घाबरण्यात एसटी कुठेही नव्हती.

सवडीचा हाच दोष मला सगळ्यात मोठा वाटतो, आणि तो सुरुवातीला दिसत नाही. आपण धरून चालतो की पुढे कधीतरी निर्णय घेणारा माणूस मीच असेन, आजच्यासारखाच, फक्त जरा मोकळा. प्रत्यक्षात थांबता थांबता तो माणूस बदलत जातो. ज्या टोचणीच्या भरवशावर पुढची तारीख दिलेली असते, तीच बोथट होते.

बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत रोमी सुभेदार फेलिक्सची गोष्ट आहे. त्याच्या कैदेतला प्रेषित पौल नीतिमत्त्व, संयम आणि येणारा न्याय यांविषयी बोलायला लागला तेव्हा फेलिक्स घाबरला आणि म्हणाला, आत्ता जा, सवड मिळाली की बोलावीन. यावर उपदेश नेहमी होतो, आणि उपदेशक सांगतात की ती सवड पुन्हा आली नाही. माफ करा, पण आली. चोविसावा अध्याय पुढे वाचा. पौल दोन वर्षं त्याच्याच कैदेत होता आणि फेलिक्स त्याला वरचेवर बोलावून बोलत असे. काही पैसे मिळतील अशी आशाही होती. सवड भरपूर होती. पण घाबरल्याचा उल्लेख पहिल्याच वेळी आहे. नंतरच्या दोन वर्षांत एकदाही नाही. मग त्याच्या जागी फेस्त आला, आणि फेलिक्स पौलाला कैदेत तसाच ठेवून गेला.

मिसरचा राजा फारो याचंही तेच. बायबलमधल्या निर्गमच्या आठव्या अध्यायात मिसर देश बेडकांनी भरला आहे, अंथरुणात बेडूक, कणकेच्या परातीत बेडूक. बेडूक जावेत म्हणून प्रार्थना कधी करू, असं मोशे विचारतो. फारो म्हणतो, उद्या. लहानपणी आम्ही यावर पोट धरून हसायचो. आणखी एक रात्र बेडकांबरोबर! आता वाटतं, त्याला सवय झाली असावी.

किमतीच्या बाबतीत सगळ्यांना एकच माप लावणं बरं नाही. टिळकांना बाप्तिस्म्याची जी किंमत पडली, बायको-मुलापासून ताटातूट, नातलगांचा रोष, तसं माझ्यासारख्या ख्रिस्ती घरात जन्मलेल्याला काहीच द्यावं लागत नाही. दुसऱ्या टोकाला, माझ्या ओळखीत अशी घरं आहेत जिथे सगळे उपासनेला येतात, पण मुलांचा बाप्तिस्मा जातीच्या दाखल्यापायी अडलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला गेला. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध आत घेतले गेले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. मुलीची फी आणि वसतिगृह त्या कागदावर चालत असताना तिच्या बापाला मी पहिल्या बाकावरून "आजच" असं म्हणणार नाही. त्याची अडचण बाहेरची आहे. मला अडचणच नव्हती, आणि वर्षं मात्र मी त्याच्याहून जास्त घेतली.

एक थकबाकीही राहिली. शेताच्या मोजणीच्या वेळी जुना बांधाचा दगड कुठे होता हे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो. नुकसान थोरल्या काकांचं झालं. दृढीकरण करू तेव्हा त्यांच्याकडे जाऊन सगळं एकदमच सांगू, असं मी ठरवलं होतं. माझ्या सवडीच्या नवव्या वर्षी काका गेले. पुढे मी चुलतभावाला सांगितलं, जमीनही मोजून दिली. तो म्हणाला, "जाऊ द्या ना दादा आता." देवाने क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. काकांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही.

इतकं सगळं सांगूनही भाच्याला मी जोर करणार नाही. त्याच्या आईचा स्वभाव माझ्यासारखाच आहे, ढकललं की मागे सरकणारा, त्याचाही असेल. पण दुसऱ्या दिवशी फोन करून त्याला तीन गोष्टी सांगितल्या. वर्ग ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाआधी सुरू होतो. दृढीकरण देणारे बिशपसाहेब आमच्याकडे वर्षातून एकदाच येतात, तो रविवार हुकला की वर्ष गेलं. आणि बाप्तिस्म्याचा दाखला शोधत बसू नकोस. तुझ्या आईने तो माझ्याकडे ठेवायला दिला होता, मी काढून टेबलावर ठेवलाय.

"मामा, पण या रविवारी बसू कुठे मी?" त्याने विचारलं.

म्हटलं, कडेला बस. भिंतीकडे नको.